इंग्लंडच्या खेड्यातील जुनी सराई राहते घर झाल्यावर तिची वास्तू कशी वाचावी

प्रश्न थोडक्यात असा आहे. इंग्लंडच्या पूर्व भागातील सफोक काउंटीत एका मराठी कुटुंबाने खेड्याच्या हमरस्त्यावरचे जुने घर विकत घेतले आहे. १९६० च्या दशकापर्यंत तेथे सराई चालत असे आणि इमारतीला ग्रेड दोनचे, म्हणजे ऐतिहासिक इमारतींच्या सरकारी यादीतले, संरक्षण आहे, एवढेच त्यांना विक्रीच्या कागदांतून कळले. समोरून विटांची सपाट भिंत आणि वरखाली सरकणाऱ्या खिडक्या दिसतात. आत मात्र ओकच्या तुळया, मधोमध प्रचंड धुराडे, डावीकडे दोन पायऱ्या खाली असलेली रुंद बैठकीची खोली, दर्शनी भिंतीत एक बुजवलेला दरवाजा, मागे अंगण आणि अंगणात पागा आहे. ही इमारत केव्हाची, तिच्यात सराईचे काय आणि घराचे काय, आणि राहण्यासाठी तिच्यात कितपत बदल करता येतील, असे त्यांनी विचारले आहे. पूर्व इंग्लंडमधील लाकडी सांगाड्याच्या इमारतींच्या दुरुस्तीचे काम मी बरीच वर्षे करीत आलो आहे. आपण पाठवलेले आराखडे आणि छायाचित्रे पाहून पुढील उत्तर देत आहे.

अशा घरात शिरल्यावर प्रत्येकाची नजर प्रथम तुळयांकडे जाते आणि विक्रीपत्रकेही त्यांचेच गुणगान करतात. इमारत केव्हा आणि कशी उभी राहिली हे तुळया सांगतात. पण ती सराई होती की सधन शेतकऱ्याचे घर, हे त्यांच्यावरून सहसा कळत नाही, कारण खेड्यातल्या बहुतेक सराया मुळात घरे म्हणूनच बांधल्या गेल्या होत्या. वूस्टरशरमधील ब्रेटफर्टन गावची 'फ्लीस इन' हे याचे ठळक उदाहरण आहे. मध्ययुगात शेतकरी कुटुंबाचे घर म्हणून बांधलेल्या या इमारतीला १८४८ मध्ये मद्यविक्रीचा परवाना मिळाला, पुढे १९७७ मध्ये ती त्याच घराण्याच्या वारशातून ऐतिहासिक वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे आली, आणि या साऱ्या काळात तिचा सांगाडा शेतकऱ्याच्या घराचाच राहिला. म्हणून सराई शोधायची ती वाटांवरून: परका माणूस कोठून आत येई, घोडा कोठून जाई, बिअरचे पिंप कोठून खाली उतरे, आणि मुक्कामाचा पाहुणा दुसऱ्याच्या खोलीतून न जाता आपल्या खोलीत कसा पोहोचे. आपल्या घरात या चारही वाटांच्या खुणा अजून शाबूत आहेत असे मला आराखड्यांवरून दिसते, आणि पुढे काय जपावे याचा निर्णयही त्यांवरच अवलंबून राहील.

येथे एक भेद ध्यानात घ्यावा. इंग्लंडमध्ये मद्य विकणारी प्रत्येक जागा सराई नव्हती. साधी बिअर विकणारे एलहाऊस, शहरांतून वाइन विकणारे टॅव्हर्न आणि प्रवाशाला जेवण, बिछाना व घोड्याला ठाण देणारी सराई असे तीन प्रकार कायदा आणि लोकव्यवहार दोन्ही मानीत. एलहाऊस चालवण्यास स्थानिक न्यायाधीशांचा परवाना १५५२ च्या कायद्याने सक्तीचा झाला. १५७७ साली झालेल्या गणनेत, ज्या काउंट्यांची माहिती हाती आली त्यांत, चौदा हजारांहून अधिक एलहाऊस आणि केवळ सोळाशेच्या आसपास सराया नोंदल्या गेल्या. १६८६ मध्ये सैन्याला उतरवण्याच्या सोयीसाठी सरकारने देशभर पाहणी केली, तेव्हा गावोगाव मोजले गेले ते पाहुण्यांचे बिछाने आणि घोड्यांची ठाणी. सराईची क्षमता मोजण्याचे माप तेव्हाही हेच होते. आपल्या अंगणातली पागा घरच्या एकदोन घोड्यांपुरती असती तर मला शंका आली असती. पण आराखड्यात ती सहा-सात ठाण्यांची, वर गवताचा माळा असलेली आणि माळ्याला बाहेरून गवत चढवण्याचे स्वतंत्र दार असलेली दिसते. एवढी जनावरे घरची नसावीत.

आता मूळ घराकडे वळू. मधले धुराडे आणि त्याच्या दोन्ही बाजूंच्या खोल्या पाहता, आपला गाभा तीन भागांच्या सफोक पद्धतीच्या घराचा आहे: मध्ये मोठे दालन, एका टोकाला घरमालकाची खोली आणि दुसऱ्या टोकाला खाद्यपेय साठवण्याच्या दोन लहान खोल्या. सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत असे मधले दालन जमिनीपासून आढ्यापर्यंत उघडे असे, मध्यभागी जमिनीवर चूल पेटे आणि धूर छपरातून वाट काढी. पुढे विटांचे धुराडे बांधले गेले आणि धूर कोंडला गेल्यावर दालनाच्या डोक्यावर कडीपाट टाकून माडी केली गेली. आपल्याकडे हे असेच घडले का, याची परीक्षा सोपी आहे. पोटमाळ्यावर विजेरी घेऊन चढावे आणि मधल्या खणावरचे वासे पाहावेत. ते काजळीने काळे, किंचित चकचकीत आणि दोन्ही टोकांच्या खणांतले वासे मात्र स्वच्छ असतील, तर उघड्या दालनाचा पुरावा मिळाला असे समजावे आणि इमारत साधारण १५५० च्या आधीची मानावी. सगळेच वासे स्वच्छ असतील, तर घर प्रथमपासून धुराडे धरून बांधलेले असण्याचा संभव अधिक. वासे पाहताना ते पुसू नयेत. ती काजळी हाच पुरावा असतो, आणि हौशी सफाईत तो कायमचा गेल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत.

सांगाड्याचे बाकी वाचन सांध्यांवरून होते. सुतार ओक ओला असतानाच घडवीत, एका लाकडाची जीभ दुसऱ्याच्या खाचेत बसवून आरपार ओकची खुंटी ठोकीत, आणि लाकूड वाळताना सांधा आवळत जाई. सांगाडा आधी सुताराच्या आवारात आडवा जुळवला जाई, मग सोडून जागेवर उभा केला जाई. त्यासाठी प्रत्येक सांध्यावर पटाशीने रोमन आकड्यांसारख्या खुणा केलेल्या असतात. या खुणा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे क्रमाने वाचत जा. क्रम डावीकडच्या रुंद खणातही अखंड चालू राहिला तर तो खण पहिल्याच बांधणीतला आहे; क्रम तुटला किंवा नव्याने सुरू झाला, तर तो नंतर जोडलेला आहे. तुळईच्या खालच्या बाजूला रांगेने रिकाम्या खाचा दिसल्या तर तेथे पूर्वी भिंत होती. कर्णरेषेत तिरप्या वळवलेल्या लहान चौकोनी खाचा दिसल्या तर तेथे काचेशिवायची, उभ्या गजांची खिडकी होती, आणि खाली झडप सरकवण्याची खोबणही बहुधा सापडेल. लाकडाच्या वार्षिक वलयांवरून वर्ष काढण्याची पद्धत आपल्याला कोणी सुचवेल. ती उत्तम आहे, पण सफोक आणि एसेक्समधला ओक झपाट्याने वाढलेला असल्याने त्यात वलये थोडी असतात आणि तपासणी निष्फळ ठरण्याची शक्यता बरीच असते. खर्च करण्यापूर्वी तज्ज्ञाला नुसती पाहणी करू द्यावी.

जाता जाता: या तुळया मोडक्या जहाजांच्या आहेत असे गावात कोणी सांगेल. जवळपास प्रत्येक जुन्या सराईबद्दल असे सांगितले जाते, आणि समुद्रापासून कोसो दूर असलेल्या खेड्यांतही सांगितले जाते. रिकाम्या खाचा पाहून ही कथा रचली जाते. प्रत्यक्षात त्या त्याच इमारतीच्या आधीच्या रचनेच्या किंवा पाडलेल्या दुसऱ्या घरातून आणलेल्या लाकडाच्या असतात. तळघरातून चर्चपर्यंत भुयार असल्याची कथाही याच जातीची आहे.

दर्शनी विटांची भिंत फसवी आहे, आणि ती तशी असावी हाच तिचा हेतू होता. अठराव्या शतकात नव्या चालीप्रमाणे सरळ, प्रमाणबद्ध दर्शन हवे म्हणून लाकडी घरांपुढे विटांचा एक पदर उभारण्याची रीत पडली. सराईवाल्याला तर ते अधिकच निकडीचे, कारण घोडागाडीतून उतरणारा प्रवासी दर्शन पाहूनच उतरायचे की पुढे जायचे ते ठरवी. आपल्या आराखड्यात तळमजल्याच्या खोल्यांतील एक तुळई दर्शनी भिंतीला समांतर, सुमारे अर्धा मीटर आत धावते आणि तिच्या खालच्या बाजूला खाचा आहेत असे आपण लिहिले आहे. मूळ दर्शनी भिंत त्या रेषेवर होती आणि माडी रस्त्यावर पुढे झुकलेली होती, हे त्यावरून निश्चित होते. विटांचा पदर माडीच्या पुढच्या कडेखाली बांधला गेला आणि तळमजल्याला अर्धा मीटर जागा फुकट मिळाली. विटांवर १७८४ ते १८५० पर्यंत कर होता, आणि तो सुरुवातीला नगावर आकारला जात असल्याने काही ठिकाणी मोठ्या विटा पाडल्या गेल्या. पण विटेच्या मापावरून एकट्याने काळ ठरवू नये. दर्शनातली एक खिडकी विटांनी बुजलेली आहे म्हणून तो १६९६ ते १८५१ या काळातील खिडकी-कराचा परिणाम मानण्याची घाईही करू नये. अनेकदा अशी बुजलेली जागा केवळ दर्शनाचा तोल साधण्यासाठी प्रथमपासूनच आंधळी ठेवलेली असते.

सर्वांत महत्त्वाची जागा डावीकडची ती रुंद बैठक. ती दोन पायऱ्या खाली का, या आपल्या प्रश्नाचे उत्तर असे की ती खोली म्हणून बांधलीच गेली नव्हती. रस्त्यावरून अंगणात घोडागाडी नेण्याची ती वाट होती. घराच्या आतली जमीन जोत्यावर असते. गाडीवाटेची जमीन मात्र रस्ता आणि अंगण यांच्या पातळीला धरून राहावी लागते. मोटारी आल्यावर अशा गाडीवाटेला दोन्ही बाजूंनी दारे लावून गॅरेज करीत, आणि परवाना सुटल्यावर तिची खोली होई. याची खातरजमा तीन ठिकाणी करता येईल. पहिली, या खणाच्या बाजूच्या दोन्ही आतल्या भिंती: त्या एकेकाळी बाहेरच्या भिंती होत्या, तेव्हा त्यांचे लाकूड ऊनवाऱ्याने धुतलेले, राखाडी आणि भेगाळलेले असेल आणि त्यांत वाटेकडे पाहणारी एखादी लहान खिडकी बुजलेली सापडेल. गाडी आत येताच कोण आले हे पाहण्यासाठी मालक अशी खिडकी ठेवी. दुसरी, इतर सर्व खणांत भिंतीच्या तळाशी आडवी तुळई असते, ती येथे रस्त्याकडच्या आणि अंगणाकडच्या बाजूला असणार नाही. तिसरी, खांबांचे खालचे भाग: चाकांच्या आसांनी घासल्याच्या आडव्या चऱ्या आणि त्यांपासून वाचवण्यासाठी कोपऱ्यात रोवलेले दगड. काँक्रीटच्या खाली गोटे बसवलेली फरसबंदी असण्याचीही बरीच शक्यता आहे.

या वाटेच्या वरची माडीवरची खोली बहुधा घरातली सर्वांत मोठी असते आणि आपल्याकडेही तशीच दिसते. सराईच्या काळात येथे गावचे मेळावे, मंडळांची जेवणे, कधी अपमृत्यूची चौकशी आणि कधी जमीनमालकाचे न्यायसभेचे काम चाले, कारण चर्च सोडले तर गावात इतकी मोठी छपराखालची जागा दुसरी नसे. शेजारच्या एसेक्समध्ये सॅफ्रन वॉल्डन येथे 'ओल्ड सन इन' ही जुनी सराई आहे. ती खेड्यातली नाही, मोठ्या गावातली आहे. तरी आपण ती अवश्य पाहावी. चौदाव्या शतकातला गाभा, पुढे झुकलेली माडी, गाडीवाटेची कमान आणि १६७६ हे साल मिरवणारे गिलाव्यातले उठावदार नक्षीकाम असे सारे तेथे एकत्र दिसते, आणि सराई बंद होऊनही ती वाट बुजली नाही म्हणून इमारत अजून सराई म्हणून वाचता येते. आपल्या घरात ती बुजली आहे, एवढाच फरक.

पिंपांची वाट याहून कमी लोकांच्या लक्षात येते. बिअरचे पूर्ण पिंप ३६ गॅलनचे, म्हणजे सुमारे १६४ लिटरचे असते. लाकडासह त्याचे वजन दोनशे किलोच्या आसपास जाते. अर्धे पिंप १८ गॅलनचे आणि पाव पिंप ९ गॅलनचे. एवढे वजन घरातल्या जिन्याने खाली नेता येत नाही, म्हणून रस्त्याच्या किंवा अंगणाच्या बाजूने तळघराला दोन फळ्यांची झडप आणि तिच्याखाली पिंप घरंगळत सोडण्यासाठी दोन समांतर लाकडी दांडे असतात. आपल्या उजवीकडच्या खिडकीखाली विटांत जी बुजवलेली आखूड, रुंद चौकट दिसते ती हीच असावी. सफोकच्या अनेक भागांत पाणी वरच लागते, त्यामुळे अशी तळघरे उथळ, कधी अर्धीच जमिनीत असतात आणि त्यांच्या वरच्या खोलीची जमीन दोन-तीन पायऱ्या उंच जाते. साठवणीच्या टोकाकडची आपली खोली उंच आहे त्याचे कारण हेच दिसते. तळघरात पिंपे ठेवण्याचा विटांचा बुटका कट्टा आणि सांडलेली बिअर वाहून नेणारी उथळ नाली सापडली तर ती काढून टाकू नये. तेथे वॉशिंग मशीन बसवायचे असेल तर तेही कट्ट्याला न तोडता बसते.

पिंपातून मद्य काढून जगमधून वर आणून देण्याची जुनी रीत होती, आणि गिऱ्हाईक स्वयंपाकघरात किंवा चुलीजवळच्या खोलीत बाकावर बसून ते पिई. काउंटर नव्हताच. नळी खाली तळघरात सोडून वरून हाताने बिअर ओढण्याचा पंप जोसेफ ब्रामा यांच्या १७९७ च्या पेटंटनंतर हळूहळू पसरला, आणि त्याच्याबरोबर काउंटर आला; खेड्यांत तो एकोणिसाव्या शतकातही सर्वत्र पोहोचला नव्हता. तेव्हा आपल्या मोठ्या खोलीतला काउंटर 'ट्यूडर काळातला' असल्याचे जे सांगितले गेले, ते विसरून जावे. छायाचित्रात त्याच्या फळ्या पातळ, एकसारख्या आणि यंत्राने रंधलेल्या दिसतात. दोन महायुद्धांमधल्या काळात बिअर कंपन्यांनी आपल्या मालकीच्या सरायांना जुनेपणाचा साज चढवला आणि छतांना नकली तुळया लावल्या, त्या काळातला तो असावा. त्याच खोलीतील दोन तुळयांवर बोटाने टकटक करून पाहा. पोकळ आवाज आला, खुंट्यांऐवजी खिळे दिसले आणि तासणीचे खळगे अगदी समान अंतरावर असले, तर त्या फळ्यांच्या पेट्या आहेत. त्या काढाव्यात की ठेवाव्यात, यावर माझे मत पुढे देतो.

आता माडीवरची वाट. मूळ घरात माडीच्या खोल्या ओळीने होत्या आणि एकीतून दुसरीत जावे लागे; घरच्या माणसांना त्यात अडचण नव्हती, पैसे देऊन उतरलेल्या पाहुण्याला मात्र होती. म्हणून सराया करताना मागच्या बाजूने, बहुधा छपराचे पाखे खाली ओढून, एक अरुंद बोळ जोडला जाई आणि प्रत्येक खोलीला त्यात उघडणारे दार मिळे. मोठ्या शहरी सरायांत हीच गरज अंगणाभोवतीच्या उघड्या सज्जांनी भागवली. ग्लॉस्टरची पंधराव्या शतकातली 'न्यू इन' आणि लंडनच्या सदर्कमध्ये १६७६ च्या आगीनंतर पुन्हा बांधलेली 'जॉर्ज इन' येथे ते सज्जे आजही दिसतात. आपल्या मागच्या बोळाची भिंत कुडाची नसून बारीक लाकडी पट्ट्यांवर गिलावा केलेली आहे आणि त्याचे वासे कापीव करवतीचे आहेत, यावरून तो अठराव्या शतकातला किंवा नंतरचा असावा. प्रत्येक खोलीच्या दारावर रंगाचे थर आहेत. ते खरवडण्यापूर्वी तिरप्या प्रकाशात पाहा. खोल्यांचे आकडे रंगाखाली उमटलेले राहतात.

कालखंडाचा ताळमेळ कागदांशी घातल्याशिवाय हे सारे अनुमानच राहील. सफोकच्या अभिलेखागारात प्रथम परवान्यांच्या नोंदी पाहाव्यात. १७५३ च्या कायद्यानंतर त्या नियमित ठेवल्या जाऊ लागल्या आणि १८२८ पर्यंत अनेक काउंट्यांत चांगल्या टिकल्या आहेत. त्यात जागेचे नाव व परवानाधारकाचे नाव मिळते. १८३० च्या कायद्याने दोन गिनी भरणाऱ्या कोणत्याही करदात्या घरमालकाला बिअर विकण्याची मुभा दिली, त्यामुळे त्या सालानंतर प्रथम नाव दिसले तर जागा खरी सराई नसून बिअरघर असण्याचा संभव असतो. आपली पागा पाहता तसे वाटत नाही. मृत्युपत्रांसोबतच्या मालमत्तेच्या याद्या खोलीवार लिहिलेल्या असतात आणि कोणत्या खोलीत किती बिछाने होते ते सांगतात. सर्वांत उपयुक्त, आणि सर्वांत कमी विचारला जाणारा, कागद म्हणजे १९०२ च्या परवाना कायद्यानंतर न्यायाधीशांकडे दाखल झालेले नकाशे: परवान्याच्या जागेत बांधकामाचा बदल करायचा तर तो मंजूर करून घ्यावा लागे. असा एक नकाशा मिळाला, तर कोणती भिंत पबवाल्याने पाडली आणि कोणती नंतरच्या घरमालकाने घातली, हा वाद एका दुपारी मिटतो. रेल्वे सफोकमधील इप्सविच शहराला १८४६ मध्ये पोहोचली आणि रस्त्यावरच्या सरायांचे मुक्कामी गिऱ्हाईक आटले. १९०४ च्या कायद्याने जादा ठरलेले परवाने भरपाई देऊन रद्द करण्याची व्यवस्था केली. आपली जागा या दोन्ही लाटांतून तगून १९६० च्या दशकापर्यंत चालली, याचा अर्थ ती शेवटी गावचा पब होऊनच जगली.

आता बदलांचा प्रश्न. ग्रेड दोन म्हणजे केवळ दर्शनाला संरक्षण, हा समज अतिशय पसरलेला आणि अतिशय महाग पडणारा आहे. संरक्षण संपूर्ण इमारतीला, आतल्या जिन्यापासून तळघरापर्यंत, असते. यादीतील वर्णनात एखादी गोष्ट लिहिलेली नाही म्हणून ती मोकळी होत नाही. अंगणातील पागा १ जुलै १९४८ पूर्वीपासून तेथे असून घराच्याच आवाराचा भाग असल्याने तीही या संरक्षणात येते. वास्तूचे स्वरूप बदलणाऱ्या कामाला जिल्हा परिषदेची संमती लागते. तिला शुल्क नाही, पण ती न घेता काम करणे फौजदारी गुन्हा आहे. मागच्या मालकाने विनापरवाना केलेले काम पूर्ववत करण्याची नोटीसही आपल्यावर बजावली जाऊ शकते आणि त्याला कालमर्यादा नाही. म्हणून आत शिरताच सर्व खोल्यांची दिनांकित छायाचित्रे काढून ठेवावीत. परिषदेच्या संवर्धन अधिकाऱ्याला आराखडा पक्का होण्याआधी भेटावे, नंतर नव्हे.

माझा स्वतःचा निर्णय असा राहील की घराची पुन्हा सराई करू नये. नकली तुळया काढण्यास हरकत नाही, पण एक तुकडा जागेवर ठेवून आणि नोंद करून; काउंटर तीसच्या दशकातला ठरला तर तोही आता इतिहासाचा भाग आहे आणि मी तो ठेवीन. गाडीवाट मात्र वाचता यावी. रस्त्याकडच्या बाजूला ती भरून काढणारी भिंत अलीकडची असेल, तर तिच्या जागी मोठी काच आणि आत लाकडी झडपा असा पर्याय संवर्धन अधिकाऱ्यापुढे मांडता येईल. दोन पायऱ्यांचा उतार भरून जमीन समतल करण्याचा आपला विचार मात्र सोडून द्यावा. तो उतार गेला की ही खोली का आहे हेच कोणाला कळणार नाही. दर्शनी भिंतीतला बुजवलेला दरवाजा, म्हणजे बहुधा परक्या माणसाची जुनी वाट, उघडण्याची गरज नाही. त्याची चौकट आतून गिलाव्याखाली दडवू नका, एवढे पुरे.

लाकडाच्या आरोग्याचा शत्रू ओल आहे आणि ओलीचा सर्वांत मोठा मित्र सिमेंट. आपल्या मागच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा आणि वर प्लास्टिकयुक्त रंग आहे. कुडाची भिंत, चुना आणि ओक हे तिन्ही पाणी घेतात आणि सोडतात. सिमेंट ते सोडू देत नाही, बारीक भेगेतून आत गेलेले पाणी खाली उतरून तळाच्या तुळईत साचते आणि ती आतून कुजते, वरून गिलावा मात्र धडधाकट दिसतो. तुळईतील ओलावा वीस टक्क्यांच्या वर गेल्यास बुरशी आणि ओक पोखरणारा भुंगा दोघांनाही ती मानवते. म्हणून पहिले काम कीटकनाशक फवारण्याचे करू नये. पन्हाळी, जोत्यालगत चढलेली माती आणि तो गिलावा ही कारणे दूर केल्यावर बहुतेक वेळा भुंग्याचा प्रश्न आपोआप मिटतो. कुजलेला भाग कापून त्याच जातीच्या लाकडाचा तुकडा सांध्याने जोडावा आणि तो नवा दिसला तर दिसू द्यावा. जुन्या इमारतींचे रक्षण करणारी जी संस्था विल्यम मॉरिस यांनी १८७७ मध्ये स्थापन केली, तिची शिकवण हीच आहे आणि माझ्या अनुभवात ती व्यवहारातही स्वस्त पडते. तुळयांवर वाळूचा मारा करून त्या 'उजळ' करण्याचा सल्ला कोणी दिला तर त्याला नम्रपणे निरोप द्यावा. तासणीचे ठसे, सुतारांच्या खुणा आणि चुलीजवळ मेणबत्तीने मुद्दाम पाडलेले थेंबाच्या आकाराचे डाग हे सारे त्यात एका दिवसात जाते. बाहेरून सांगाडा उघडा पाडून काळा रंगवण्याचा मोहही टाळावा. सफोकमध्ये तो चुन्याच्या गिलाव्याखाली झाकण्याची परंपरा मोठी आहे, आणि काळ्या-पांढऱ्याची आवड मुख्यतः एकोणिसाव्या शतकातली आहे.

शेवटी आपल्या स्वयंपाकघराविषयी. मोठ्या चुलीच्या कमानीत शेगडी बसवून फोडणीचा धूर जुन्या धुराड्यातून सोडण्याची कल्पना दिसायला सुंदर आहे, पण मी तिला संमती देणार नाही. त्या धुराड्यात शतकांची काजळी आणि डांबरासारखा थर असतो, तेलकट वाफ त्यावर बसत जाते आणि आग लागली तर ती भिंतीत शिरलेल्या तुळयांपर्यंत पोहोचते; शिवाय थंड विटांवर वाफेचे पाणी होऊन ते खाली झिरपते. मागे विसाव्या शतकात जोडलेली विटांची पडवी आहे, स्वयंपाकघर तेथे न्यावे. तिच्या भिंतीत हवा बाहेर टाकणाऱ्या पंख्याचे भोक पाडण्यास संमती मिळणे तुलनेने सोपे असते, आणि नळ व सांडपाण्याचे मार्गही जुन्या सांगाड्याला न छेदता नेता येतात. मोठी चूल बसण्याच्या खोलीतच राहू द्यावी. कामाचा क्रम असा धरावा: या हिवाळ्यात पोटमाळ्याची आणि तळघराची पाहणी, सुतारांच्या खुणांसह मोजमापाचे नकाशे आणि अभिलेखागारातील शोध, वसंतात पन्हाळी आणि मागच्या गिलाव्याचा एक चौरस मीटरचा तुकडा उघडून तळाच्या तुळईची स्थिती पाहणे, तेही अधिकाऱ्याला आधी कळवून, आणि त्यानंतरच पडवीचा अर्ज. तुळई किती गेली आहे हे कळेपर्यंत आतल्या रंगकामावर आणि फर्निचरवर पैसा घालू नये, कारण ती बदलायची झाली तर मागच्या भिंतीलगतची जमीन उकलावीच लागेल.